विद्येवरचा घसारा

मे महिन्यात दुपारनंतर ढग जमू लागले की आमच्या साखळीत वीज जाते. मग पाऊस पडो वा न पडो. गेल्या वर्षीच्या सुटीत अशाच एका संध्याकाळी आम्ही ओसरीवर मेणबत्ती लावून पत्ते पिसत बसलो होतो. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा चुलतभाऊ पिशवीतून एक डबी काढून म्हणाला, "आज पत्ते नकोत. आज सोंगे घेऊ या." डबीत फासे होते. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, दहा बाजूंचे, वीस बाजूंचे. सोंगट्यांच्या पटावरचे लांबट फासे पाहिलेल्या माझ्या आजीने त्यातला एक उचलून मेणबत्तीशी धरला आणि "हे खेळायचे की दृष्ट काढायचे?" असे विचारून परत ठेवला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. पट नसतो, हार-जीतही नसते. एकजण सूत्रधार होतो, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक सोंग घेतात आणि त्या सोंगाने त्या प्रसंगी काय केले ते बोलून सांगतात. जमले की फसले हे फासा ठरवतो. आपल्याकडच्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पेडण्याकडे दशावतारात संहिता लिहिलेली नसते, सोंग घेतलेला नट उभ्या उभ्या बोलणे रचतो. आमच्या साखळीत विठ्ठलाच्या चैत्री उत्सवात वीरभद्र दोन्ही हातांत तलवारी घेऊन येतो तेव्हा रोजचा ओळखीचा माणूस आम्हाला त्याच्यात दिसत नाही. याच वीरभद्राच्या नावाने कर्नाटकात वीरगासे होते, ते या अंकाच्या कानडी विभागातल्या मित्रांना मी सांगण्याची गरज नाही.

आम्ही चौघे होतो. भाऊ सूत्रधार. माझी धाकटी बहीण वैद्य झाली. शेजारचा एक मित्र भजनात पखवाज वाजवतो, त्याने खेळातही पखवाजीच व्हायचे ठरवले. मी अर्थातच व्यापारी झालो. मिठाच्या गोण्या बैलांवर लादून घाट चढायचा, वर धान्य घ्यायचे आणि खाली उतरायचे अशी कथा भावाने रचली. पहिली रात्र छान गेली. वाटेत चोर आले, ते आम्ही मारले, आणि सूत्रधाराने जाहीर केले की प्रत्येकाला इतके इतके अनुभवाचे गुण मिळाले, सगळे एक पायरी वर चढले, ज्याची जी विद्या असेल ती वाढली.

"चोर मारल्यावर माझा पखवाज कसा सुधारला?" मित्राने विचारले.

भावाजवळ उत्तर नव्हते. पण त्याच्याकडे माहिती होती. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पहिला असा खेळ छापला, त्यातच ही रीत होती. एवढेच नव्हे, तर त्यात मिळवलेल्या एका सुवर्णनाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे. म्हणजे तिजोरी भरली की हात तयार! आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना हे तत्त्व फार सोयीचे वाटले असते. मित्राला मात्र ते पटले नाही. तो म्हणाला, "नियम बदला, नाहीतर मी घरी जातो."

असे नियम लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले, कारण बी. कॉम.ला असलेला मी एकटा आणि काकांच्या दुकानातली अर्धी कोरी खतावणीही माझ्याच ताब्यात. पहिल्या पानावर मी लिहिले: जो जी विद्या वापरील त्याची ती विद्या दर वापरामागे एका गुणाने वाढेल. नियम सोपा, न्यायाचा. दुसऱ्या संध्याकाळी बहिणीने त्याचे काय केले पाहा. तिचा वैद्य घाट चढायलाच आला नाही. तो साखळीच्या बाजारात बसून धडधाकट माणसांच्या नाड्या पाहत राहिला. "आज शंभर पाहिल्या. लिही शंभर गुण." भाऊ हसून लोळला. त्याने सांगितले की 2002 साली निघालेल्या 'मॉरोविंड' या संगणकावरच्या खेळात वापराने विद्या वाढते, म्हणून उडी मारण्याची विद्या वाढवायला लोक जाता-येता नुसत्या उड्या मारत असत. माझी बहीण आणि जगातले ते सारे लोक एकाच बुद्धीचे निघाले.

मग त्याने 1978 सालच्या 'रूनक्वेस्ट' नावाच्या खेळातली युक्ती सांगितली. ती मला इतकी आवडली की मी खतावणीत तिच्याभोवती चौकट आखली. प्रत्येक विद्येला शंभरापैकी गुण. खऱ्या अडचणीत ती विद्या वापरून यश आले तर तिच्यापुढे एक खूण करायची. मोहीम संपली की खूण असलेल्या विद्येसाठी पुन्हा फासा टाकायचा, आणि पडलेला आकडा आपल्या गुणांपेक्षा जास्त असेल तरच गुण वाढवायचे. तीस गुणांचा शिकाऊ असेल तर शंभरात सत्तर वेळा तो वाढेल. नव्वदाचा उस्ताद शंभरात दहाच वेळा. चढ जसा वर जातो तसा आपोआप कठीण होतो, वेगळा नियम नको. पखवाजी मित्र बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिला. म्हणाला, "पहिल्या वर्षी मी पाच ठेके शिकलो. तिसरे वर्ष एका तिहाईत गेले. हे ज्याने लिहिले तो वाजवणारा असणार." शंभर गुण म्हणजे कोण, असे आम्ही त्याला विचारले तेव्हा त्याने कानाची पाळी धरून लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकरांचे नाव घेतले आणि स्वतःचे गुण पंचेचाळीसवरून चाळीस करायला लावले.

पण एक गोष्ट त्याला खटकली. खूण फक्त यशाला का? "आमचे बुवा तर चुकल्यावरच थांबवतात. न चुकता वाजवले त्या दिवशी मी काही शिकत नाही, फक्त घरी येतो." यावर दोन रात्री वाद झाला. शेवटी ठरले ते असे: चुकीलाही खूण मिळेल, पण जवळ थांबवणारा कोणी असेल तरच. एकटा चुकणारा तीच चूक घट्ट करीत जातो. पुढे इथल्या ग्रंथालयात मला वाचायला मिळाले की अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनच्या संगीत विद्यालयातल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातले उत्तम वादक विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांहून अधिक एकट्याने रियाज करून चुकले होते. मी वीस वर्षांचा आहे. माझे दहा हजार तास कशात गेले याचा हिशेब मी मांडला नाही. पण त्या लेखातही नुसत्या घासण्याला किंमत नाही. शिक्षकाने नेमून दिलेला, चूक शोधून दुरुस्त करणारा रियाजच त्यांनी मोजला होता. बुवा जर्मनीत न जाताच तेथे पोहोचले होते म्हणायचे.

राहिले पुस्तक. वैद्याने पोथी वाचली तर गुण वाढावेत की नाही? 'मॉरोविंड'मध्ये काही ठरावीक पुस्तके उघडली की विद्या एका गुणाने वाढते. असे खरेच होत असते तर परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या वसतिगृहात जी पुस्तके उघडली जातात त्यांनी महाविद्यालयाचा निकाल कुठल्या कुठे नेला असता! मी माझाच दाखला घेतला. अकरावीत येण्याआधीपासून मी काकांच्या दुकानात सोमवारच्या बाजाराला बसत असे. काकांची तोंडी बेरीज अशी की गणकयंत्र मागे पडावे, पण ताळेबंद म्हणजे काय हे त्यांना सांगता येत नाही. मी उलट. 'जे येते ते नावे, जे जाते ते जमा' हे पाठ केले, पण पहिल्यांदा खऱ्या खतावणीसमोर बसलो तेव्हा उधारीवर गेलेले नारळ कुठे लिहायचे ते मला उमजेना. म्हणून आम्ही नियम केला की पुस्तकाने गुण वाढत नाहीत, छप्पर वाढते. ज्याने कधी वाचले नाही, विचारले नाही, त्याची विद्या कितीही वापरली तरी साठापुढे जाणार नाही. वाचले की छप्पर ऐंशीवर जाते. तिथपर्यंत भिंत मात्र हातानेच चढवावी लागते.

येथे मला एक शब्द आठवतो. मराठीत 'अभ्यास कर' म्हटले की पोर पुस्तक उघडते. कानडीत 'अभ्यास आगैति' म्हणजे सवय झाली, अंगवळणी पडले. वाचायला त्यांच्याकडे 'ओदु' हा वेगळा शब्द आहे. शब्द एकच, पण घाटाखाली तो डोळ्यांकडे गेला आणि घाटावर हातांकडे. आमचा सारा वाद या एका शब्दाच्या दोन अर्थांत मावत होता, हे त्या चौघांत मलाच दिसत होते, कारण कानडी येणारा मी एकटा होतो. येणारा म्हणजे, येत असलेला. त्याचे पुढे सांगतो.

एवढे झाल्यावर मी खतावणीत नवे पान काढून मथळा लिहिला: घसारा. यंत्राची किंमत जशी वर्षागणिक उतरते तशी न वापरलेल्या विद्येचीही उतरली पाहिजे. दरमहा काही गुण कापावेत. सगळे माझ्यावर तुटून पडले. भाऊ म्हणाला, हातचे जाते असा खेळ कोणी खेळत नाही, लोक उठून जातील. बहीण म्हणाली, तू परीक्षकच हो. पखवाजी मित्र काहीच बोलला नाही. तो उठला, "उद्या सकाळची पाळी आहे" म्हणाला आणि गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आले की औषधाच्या कारखान्यात कामाला लागून त्याला दीड वर्ष होत आले होते, आणि एवढ्यात मी त्याचा पखवाज ऐकलेलाच नव्हता.

मी मात्र हट्ट सोडला नाही. माझ्याजवळ त्याचे कारण होते, ते त्या रात्री मी कोणाला सांगितले नाही, येथे सांगतो.

माझी आई घाटावरची, बैलहोंगल तालुक्यातली. बाबांच्या घरात कोंकणी, शाळा मराठी, आणि आजोळी कानडी. नऊ वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात मी अज्जीकडे असे आणि तिच्या चुलीपुढे बसून रोट्टी थापल्याच्या आवाजावर कानडी बोलत असे. मग एके दिवशी साखळीच्या बसस्थानकावर आई मला काहीतरी कानडीत सांगत होती आणि माझ्या वर्गातली दोन मुले ऐकत होती. दुसऱ्या दिवशी वर्गात मी 'घाटी' झालो. आमच्याकडे हा शब्द कसा वापरतात ते गोव्यातल्या वाचकांना ठाऊक आहे. घरी येऊन मी आईला म्हटले, "बाहेर माझ्याशी तसले बोलत जाऊ नकोस." आई बरे म्हणाली. तिने बाहेर बोलणे बंद केले आणि मग हळूहळू घरातही. त्याच सुमारास आजोबा वारले, वाटण्या झाल्या, आजोळी जाणे थांबले. कानडी उरली ती स्वयंपाकघरातल्या फोनवर, रविवारी रात्री, आई आणि अज्जी यांच्यात. मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करीत असे. मराठी अर्थाचा.

अठराव्या वर्षी चोर्ल्याच्या घाटाने कदंबच्या बसमधून बेळगावला आलो तेव्हा माझ्याजवळ किती कानडी उरली होती, याचा हिशेब मी त्या घसाऱ्याच्या पानावर केला. नवव्या वर्षी चाळीस गुण धरले. दरवर्षी मूळ किमतीवर दहा टक्के सारखा हप्ता कापला तर नऊ वर्षांत छत्तीस जातात, उरतात चार. उरलेल्या शिल्लकीवर दहा टक्के कापले तर साडेपंधरा उरतात. कोणती पद्धत खरी? हेर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली हे स्वतःवरच मोजून प्रसिद्ध केले होते. अर्थ नसलेली अक्षरे पाठ करायची, विसरायची, आणि तीच पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो ते पाहायचे. त्याला आढळले की पहिल्या काही तासांतच मोठी घट होते, पुढे ती मंदावते, आणि एका महिन्यानंतरही सुमारे पाचवा हिस्सा श्रम वाचतात. म्हणजे आठवत नाही म्हणून गेलेच असे नाही. घसारा उरलेल्या शिल्लकीवरच बसतो, आणि ती शिल्लक सहसा शून्याला टेकत नाही.

मला हे पुस्तकाआधी उपाहारगृहात कळले. पहिले पंधरा दिवस कानडी म्हणजे नुसता आवाज होता. मग एके सकाळी मागच्या बाकावर कोणी कोणाला "ऊट आतेनु?" म्हणाले, आणि माझ्या तोंडून, मी ठरवण्याआधी, "आत" असे उत्तर निघून गेले. जेवण झाले का, झाले. प्रश्न मला नव्हताच. त्या मुलाने वळून पाहिले.

दुसऱ्या वर्षी, एका रविवारी, आईला न सांगता मी बैलहोंगलची बस धरली. अज्जी धाकट्या मामांकडे असते. तिला आता कमी दिसते. दारात उभा राहिलो, कोण ते तिने ओळखले नाही, मामींनी सांगितले. मग तिने तोंडावरून हात फिरवला आणि विचारले, "यावाग बंदि, तम्मा?" कधी आलास. "ईग बंदे, अज्जी," मी म्हणालो. आत्ताच. इथपर्यंत ठीक झाले. तेवढ्यात शेतातून मामा आले, आणि मी उत्साहाने त्यांना "बा, मामा, बा" म्हणालो. मामींनी तोंडाला पदर लावला. वडीलधाऱ्यांना 'बर्रि' म्हणायचे असते, 'बा' पोरासोरांना. लहानपणी मी सगळ्यांनाच 'बा' म्हणत होतो आणि कोणी थांबवत नव्हते, कारण नऊ वर्षांच्या मुलाला ते शोभते. मी वीस वर्षांचा होत आलो, माझी कानडी नऊच वर्षांची राहिली होती. मामा काही बोलले नाहीत. अज्जी मात्र हसत हसत "बर्रि, बर्रि" असे दोनदा म्हणाली, मी ते तिच्यामागून म्हणेपर्यंत थांबली, आणि मगच तिने पुढचे विचारले. दिवसभर ती हेच करीत होती. रोट्टीचे पीठ, विहीर, आईच्या गुडघ्याचे दुखणे, प्रत्येक वाक्यात एकदा तरी थांबवले. संध्याकाळच्या बसमध्ये माझे डोके दुखत होते, आणि असे दुखणे मला त्याआधी कशानेच झालेले नव्हते.

असो. सांगायचा मुद्दा खेळाचा होता. घसाऱ्याचा नियम राहिला, पण बदलून राहिला. जून लागता लागता पखवाजी मित्र स्वतः खतावणी मागायला आला. म्हणाला, "दरमहा नको, दरवर्षी कर." मी केले. मग म्हणाला, "आणि एकदा चढलेला जिना पुन्हा चढायला अर्धा वेळ लागतो, तेही लिही." तेही लिहिले. गेलेल्या गुणांपर्यंत परत येताना प्रत्येक खूण दुप्पट मोजावी. भावाने पुण्याहून निरोप पाठवला की आता हा खेळ कोणी विकत घेणार नाही. आमचा विकायचा विचार नव्हताच. आषाढी एकादशीला मी घरी होतो. विठ्ठलापूरच्या देवळात नेहमीसारखी गर्दी होती, भजन चालू होते, आणि मित्र पखवाजावर नव्हता. तो मागे बसून झांज धरीत होता. मांडीवर डाव्या हाताची बोटे मात्र चालली होती.

चवथीला भाऊ आला, पुन्हा फासे निघाले. या वेळी आई भांडी आवरून पदराला हात पुशीत ओसरीवर येऊन बसली. खतावणीतली पाने उलटून पाहिली आणि म्हणाली, "यात माझे पान नाही ते?" आम्ही घाईघाईने पान आखले. कानडी पंच्याण्णव, भावाने विचार न करता लिहिले. कोंकणी? ती लग्नानंतर शिकली, आजीने थांबवून थांबवून शिकवली. ऐंशी. मराठी वाचन? मी पहिलीत असताना माझ्याबरोबर तिने बाराखडी गिरवली होती हे मी तोवर विसरून गेलो होतो. पंचावन्न लिहिले. तिने काही हरकत घेतली नाही. मग माझे पान काढून ती कानडीपुढचा आकडा शोधू लागली. मी तेथे पस्तीस लिहिले होते.

"पेन्सिल दे," ती म्हणाली. तिने पस्तीस खोडले, तीस लिहिले.

"का?"

"मामाला 'बा' म्हणालास ना? अज्जीने फोनवर सांगितले."